बिया अठ्ठेचाळीस तास भिजवल्या

पेपर कसा लिहायचा, हे लॅबमधल्या शेंडेफळाला सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: आपले आधीचे नऊ पेपर वाच आणि तसं लिही. शेंडेफळ म्हणजे पीएच.डी.ला लागलेली सगळ्यांत धाकटी मुलगी. तिने नऊच्या नऊ पेपर वाचले आणि वर आणखी एक गाढवपणा केला. त्यांत लिहिलं होतं तसं ती वागली.

"बिया अठ्ठेचाळीस तास थंड पाण्यात भिजवल्या," असं नऊही पेपरांत छापलेलं होतं. तिने घड्याळ लावून तेवढे तास भिजवल्या. बिया कुजल्या. पाणी बदललं, फ्रिज बदलला, बियांचं वाण बदललं, तरी कुजल्या. असे अकरा महिने पाण्यात गेले. आई फोनवर "उगवलं का गं काही?" असं इतक्या जपून विचारायची, की पोरीला फोन घेणंच नकोसं झालं.

शेवटी काचसामान धुणाऱ्या मामांनी बरणीवर चिकटवलेली तारीख वाचली. मामांची त्या लॅबमध्ये वीस वर्षं झाली होती. ते म्हणाले, "अगं, दोन दिवस कशाला ठेवतेस? इथे सगळे बाराच तास ठेवतात. अठ्ठेचाळीस नुसतं लिहायचं असतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकशी केल्यावर कळलं, की सरांनी स्वतः विद्यार्थी असताना, प्रयोग सुरू व्हायच्या आधीच ते वाक्य लिहून ठेवलं होतं. पुढे बारा तास पुरतात हे कळलं, पण वाक्य बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. पुढच्याने मागच्याचं उतरवलं आणि खरी पद्धत चहा पिता पिता तोंडी सांगितली. हिला सांगायचं तेवढं राहून गेलं. एवढी शिकलेली माणसं, पण एकालाही त्याची लाज वाटली नव्हती.

बारा तासांच्या बिया आठवड्यात तरारल्या. सहा महिन्यांत निष्कर्ष हाती आले, तिने पेपर लिहिला आणि पद्धतीच्या भागात 'बारा तास' असं लिहिलं. सरांनी लाल पेनाने ते खोडून वर अठ्ठेचाळीस लिहिलं.

"सर, मी बाराच तास भिजवल्यात," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. पण आता बारा लिहिलंस, तर लोक आधीच्या नऊ पेपरांबद्दल विचारतील. त्यांना काय सांगू?"

"खरं काय ते."

सर रागावले नाहीत. त्यांच्या सहीशिवाय पेपर जाणार नाही आणि पेपरशिवाय पदवी मिळणार नाही, एवढं त्यांनी शांतपणे समजावलं. ती जागेवर आली आणि तिने निमूटपणे अठ्ठेचाळीस टाइप केलं. आता तिला सरांपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला.

त्याच दुपारी सरांनी एक मेल तिच्याकडे पाठवली. वर सूचना होती: पद्धत काटेकोर पाळा, एवढंच कळव. मेल दूरच्या कुठल्याशा विद्यापीठातल्या मुलीची होती. तिने लिहिलं होतं, "दीड वर्ष तुमच्या पद्धतीने करते आहे. बिया कुजतात. माझे गाईड मला निष्काळजी म्हणतात. आधी ते पटायचं नाही, आता पटायला लागलंय. माझं काय चुकतंय, सांगाल का?"

शेंडेफळाने ती मेल दोनदा वाचली. मग पेपर उघडून अठ्ठेचाळीस खोडलं, बारा केलं आणि खाली एक वाक्य घातलं: आमच्या आधीच्या पेपरांत छापलेली वेळ चुकीची आहे. त्यानंतर उत्तर लिहायला घेतलं.

"तुमचं काहीही चुकलेलं नाही. बारा तास भिजवा. दोन दिवस ठेवल्या तर आमच्याही कुजतात."

उत्तराला तिने नवा पेपर जोडला, एक प्रत सरांना लावली आणि पाठवून दिलं. पाचच मिनिटांत सर खोलीतून बाहेर आले. ती नेहमीसारखी उठून उभी राहिली नाही.