अर्धं गाऱ्हाणं

सुमंगलाच्या छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, अंगाचा स्कॅनही झाला होता, त्या सगळ्याचा कागद आला. वाचला कोणी? दिराने, गोकुळदासने. पेडण्याच्या हायस्कुलात क्लार्क, इंग्रजीचा मक्ता त्याच्याकडे. वाचून त्याने घडी घातली, सुमंगलाच्या नवऱ्याला, शंभूला, अंगणात नेलं, आणि आत येऊन म्हणाला, किरकोळ आहे, देवाला विचारून ठरवू. गाठ हिची, जीव हिचा, आणि कुजबूज या दोघांची!

सोमवारी भाऊ-भाऊ देवळात गेले. बाबली गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला पाकळ्या लावल्या, उजवी आधी पडली, म्हणजे देवाचा होकार. कौल मिळाला, ऑपरेशनची गरज नाही. शंभू पेढे घेऊन आला आणि कागद घेऊन यायला हॉस्पिटलने दिलेल्या गुरुवारच्या तारखेला जायचं नाही, असं सांगून मोकळा झाला.

सुमंगलाने पेढा तसाच वाटीत ठेवला. किरकोळ गाठीसाठी कोणी अंगणात जाऊन बोलतं होय? मंगळवारी सकाळी तिने कपाटातून कागद काढला आणि वाड्यावरच्या, त्याच वस्तीतल्या विनोदिनीकडे गेली. विनोदिनी तीस वर्षं नर्स होती, आता निवृत्त. तिने चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "तुका कोणीच सांगूक नाय?"

मग तिने एकेक शब्द सोडवून सांगितला. मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरची गाठ. दुसरी स्टेज म्हणजे तो काखेतल्या एका गाठीपर्यंत पोचलाय, पण फुफ्फुसात, हाडांत गेलेला नाही. ऑपरेशन म्हणजे तो काढून टाकायचा, केमो म्हणजे उरलासुरला मारायचं औषध. हे सगळं बरं करायला असतं, मरणाची तयारी म्हणून नव्हे. मात्र थांबलीस तर तो थांबणार नाही, असंही तिने स्पष्ट सांगितलं.

सुमंगला रडली नाही. तिच्या मस्तकात तिडीक गेली. भाकरी थापता थापता समजलं असतं इतकं साधं, आणि तेवढंही हिला सांगायचं नाही! ती तडक देवळात गेली आणि गाऱ्हाण्यात काय म्हटलं होतं ते बाबलीला विचारलं. म्हातारा चाचरला. अंगावरच्या बारीक गाठीचं गाऱ्हाणं घातलं, म्हणाला. तो शब्द देवळात उच्चारू नको, चार लोक ऐकतील, शंभूच्या पोरीचं लग्न व्हायचं आहे, असं गोकुळदासने बजावलं होतं.

संध्याकाळच्या आरतीला सगळा वाडा जमला होता, शंभू आणि गोकुळदासही होते. आरती संपली तशी सुमंगला पुढे झाली.

"भावजी, तुमी देवाकय फसवलात," ती म्हणाली. मग मूर्तीकडे वळली. "देवा, तुका अर्धांच सांगितलां. माका कॅन्सर झालो आसा."

गोकुळदासची मान खाली गेली. बाबलीने सवयीने पाकळ्यांच्या तबकाला हात घातला, तर तिने तो धरला.

"कौल नको. गुरुवारी मी जातंय. देवा, तू फकत सोबत रव."

गुरुवारी पहाटे बसच्या थांब्यावर शंभू तिच्या आधी येऊन उभा होता. कागद त्याच्या खिशात होता. तिने हात पुढे केला, तो घेतला आणि आपल्या पिशवीत ठेवला. डॉक्टरांशी मी बोलणार, तू ऐक, एवढंच तिने त्याला सांगितलं.