मणियाराचे हात

जुन्नरच्या अजीज मणियाराचा हात म्हणजे लोणी. निमगाव सावा, आळे, कुठंही बांगड्यांची पेटी उघडली की बायकांचा गराडा पडायचा. मग चाळिशीतच त्याचे हात कापायला लागले. भरता भरता काकण फुटायला लागलं, आणि सवाष्णीच्या हातात काकण फुटलेलं कोण खपवून घेईल? बायका तोंडावर गोड बोलायच्या आणि दुसऱ्याकडं भरायला जायच्या. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. अजीजनं पेटी माळ्यावर टाकली आणि बोलणंच सोडलं. घरात त्याची बायको दिलशाद, ती भिंतींशी किती बोलणार?

अशात लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दिलशादला दिवस राहिले. घरात पुन्हा दोन शब्द ऐकू यायला लागले, तर पाचव्या महिन्यात सगळं आपसूक गेलं. नशीब तरी किती खोडसाळ असावं!

दवाखान्यातली डॉक्टरीण खाटेपाशी बसली. पुण्यात कंपवातावर संशोधन चालू आहे, म्हणाली, त्याला गेलेल्या गर्भाच्या पेशी लागतात. पण आईनं लेखी संमती दिली तरच घेता येतात, आणि नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही.

कंपवात म्हटल्यावर दिलशाद उठूनच बसली. चार महिन्यांपुढचं लेकरू असलं की त्याला नाव, कफन, कबर द्यायची, ही त्यांच्यातली रीत. मुलगी होती. मनातल्या मनात तिचं नाव आरफा ठेवून झालं होतं. तरी पोरीला कबर मिळणार नाही हे मनाशी धरूनच तिनं पेन मागितलं.

"त्यांना आत बोलावू का?" तिनं विचारलं. "हाताचं माप लागंल ना?"

"दिलशाद, हे अजीजभाईंसाठी नाही. कुणाला द्यायचं ते आईनं ठरवायचं नाही, असा नियम आहे. नाहीतर घरच्या दुखण्यासाठी लोक बाईला दिवस राहू देतील आणि मग पाडायला लावतील. शिवाय हे अजून औषध नाही, नुसता शोध आहे."

"पर मी कुठं पाडलं?"

ते डॉक्टरणीलाही ठाऊक होतं. नियम भल्यासाठीच असेल हो, पण त्या खाटेवर त्याचं काय करायचं? दिलशादनं पेन खाली ठेवलं. कुण्या परक्यासाठी आरफाला द्यायची तिची छाती झाली नाही, आणि त्याची तिला लाजही वाटली. पोरीचं नाव बाहेर कळवा, एवढंच ती म्हणाली.

बाहेर अजीज आणि त्याचा धाकटा भाऊ नुमान बसले होते. पांढऱ्या कापडातलं लेकरू घेऊन ते कब्रस्तानाकडं गेले. त्यांच्यात बायका तिथं जात नाहीत. शेजारच्या खाटेवर बाळंतिणीचं बाळ रडायला लागलं, तशी दिलशादनं भिंतीकडं तोंड केलं.

दुपारी अजीज परतला. खाली बघतच बोलला, "हात लई कापत व्हते. आरफाला मला खाली ठेवता न्हाई आलं. नुमाननं ठेवली."

तो रडायला लागला. ह्याच हातांसाठी मी तिला देऊन टाकत होते, हे दिलशादच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर त्याला ते हात नकोसेच झाले असते.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "डॉक्टरीण येवढा वेळ काय म्हणत व्हती?"

"काई नाय," दिलशाद म्हणाली आणि तिनं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. ते कापतच राहिले.