निमगोरी

बकुळाने स्टुलावर चढून बल्बापुढच्या बटर पेपरला चौथा चिमटा लावला आणि तिथूनच खोलीतलं सामान मोजलं. वीस वॅटचे एलईडी बल्ब दोन. टीव्हीच्या खोक्यातून निघालेले थर्माकोलचे तुकडे तीन. खिळ्यांवर ताणून बांधलेली पांढरी चादर एक. इलाइट चौराह्याजवळच्या एका शादीवाल्या फोटोग्राफरने काढून टाकलेला कॅमेरा एक, आणि त्याच्याचकडचा ट्रायपॉड एक, ज्याचा तिसरा पाय सुतळीने आवळला होता. राखाडी कार्ड एक. आरसा नाही.

कार्ड तेवढं नवं होतं. बाकी सगळ्यात काटकसर चालते, पण मोजमापाच्या वस्तूत चालत नाही, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. कॅमेरा समोरच्या उजेडाचा नुसता अंदाज बांधतो. काळं असेल तर उजळवतो, पांढरं असेल तर मळवतो. चौकटीत कुठेतरी हे कार्ड असलं की मग त्याला खोटं बोलता येत नाही.

"आरसा खाली का नेलास गं?" अनुसूयाबाई दारात उभ्या होत्या. छतावरची ही खोली कालपर्यंत त्यांच्या गाद्यांची आणि कूलरची होती. "बाईमाणसं येणार फोटोला. केस तरी बघतील की नाही?"

"इथे जागा नाही, आई."

अनुसूयाबाईंनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"दोन साल झाली, बकुळ. ती विसरली पण असेल."

"म्हणूनच," बकुळा म्हणाली आणि स्टुलावरून उतरली.

दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत अनुसूयाबाईंनी मुलीच्या लग्नासाठी तिच्या माहितीचा कागद अध्यक्ष कुसुमावतीबाईंच्या हातात दिला होता. सगळा मजकूर मराठीत, स्वतःच्या अक्षरात. वर्ण या शब्दापुढे त्यांनी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जाणारा शब्द लिहिला: निमगोरी. प्रसादाच्या पंगतीत तो कागद यशवंतने, कुसुमावतीबाईंच्या मुलाने, आईच्या हातून ओढून घेतला. यशवंतला मराठी बोलता यायचं, वाचताना मात्र तो चाचपडायचा.

"नीम... गोरी?" तो म्हणाला. "मम्मी, ये क्या होता है? नीम का पेड़?"

कुसुमावतीबाईंनी पलीकडे वाढत उभ्या असलेल्या बकुळाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"नीम तो है," त्या म्हणाल्या. "गोरी किधर आहे?"

पंगत हसली. हातात मोदकाचं ताट घेतलेली बकुळाही हसली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. त्या दिवसापासून मंडळातल्या मुली तिला नीम म्हणू लागल्या. त्यात राग नव्हता, लाडच होता, आणि लाडाने पडलेलं नाव सुटत नाही.

आठवड्याभराने बकुळाने आपल्या मनगटाचा फोटो काढला होता, प्रयोगशाळेतल्या राखाडी कार्डाशेजारी धरून. लॅपटॉपवर त्या रंगाचा आकडा पाहिला. शून्य म्हणजे पूर्ण काळं, दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण पांढरं. कार्ड एकशे अठरा. मनगट एकशे चार. निम म्हणजे अर्धं, तर अर्धं होतं साधारण एकशे सत्तावीस. म्हणजे आईने थोडं वाढवून लिहिलं होतं, पण खोटं म्हणण्याइतकं नाही. हा हिशोब तिने कोणालाच सांगितला नाही. सांगणार कोणाला, आणि ऐकणार कोण.

या वर्षी कुसुमावतीबाईंची अध्यक्षपदाची मुदत संपली. मंडळाच्या सभागृहात रंगमंचाच्या वर माजी अध्यक्षांच्या तसबिरींची रांग आहे. एकदा लागलेली तसबीर तिथून उतरत नाही. सभेत बकुळा उभी राहिली आणि म्हणाली, "काकूंचा फोटो मी काढते. मंडळाला काही खर्च नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात कुसुमावतीबाईंनी.

मग तिने ही खोली उभी केली. प्रयोग केला तो एका खारकेवर. बटर पेपरमधून गाळून आलेल्या उजेडात खारीक गुळगुळीत दिसली, जवळजवळ ताजी. कागद काढला, उघडा बल्ब नव्वद अंशात बाजूला नेला, आणि तीच खारीक बेतवा नदीच्या काठच्या घळींसारखी झाली. प्रत्येक सुरकुतीला स्वतःची सावली. दोन्ही फोटो खरे होते. कोणी म्हणू शकलं नसतं की बकुळाने काही बिघडवलं. तिला फक्त चार चिमटे काढायचे होते.

ठरलेल्या वेळेच्या आधीच खाली ऑटो थांबली.

कुसुमावतीबाई जिना चढून आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. मोतिया रंगाची पैठणी, हातात सोन्याच्या पाटल्या, आणि चेहऱ्यावर पावडरचा असा थर की कपाळ आणि मान वेगवेगळ्या माणसांची वाटावीत.

"बापरे, बकुल बेटा! घरीच स्टुडिओ?" त्यांनी चादरीला बोट लावून पाहिलं. "ही तर बिछान्याची आहे."

"फोटोत भिंत दिसते, काकू."

"हुशार आहेस. आमच्या यशवंतची बायको नुसती मोबाइलवर असते. ग्वालियरची आहे, तुला माहीत असेलच. गोरी इतकी की नस दिसते." त्या खुर्चीत बसल्या. "तुझं कुठे जमलं?"

"नाही."

"जमेल, जमेल. जास्त शिकलं की मग जरा उशीर होतोच."

बकुळाने ओला रुमाल पुढे केला.

"पावडर पुसावी लागेल."

"क्यों? नको गं. मी कधीच..."

"या लाइटमध्ये पावडर चमकते. चेहरा राख फासल्यासारखा येईल."

हे खरं होतं. कुसुमावतीबाईंनी रुमाल घेतला, आजूबाजूला पाहिलं.

"आरसा?"

"खाली आहे. तुम्ही पुसा, मी सांगते कुठे राहिली ते."

त्यांनी आधी हनुवटी पुसली, मग नाक, मग गाल, जसं कोणी पाहत नसताना पुसतात तसं, घाईने. रुमाल पांढरा झाला. बकुळा जवळ उभी राहून कपाळाच्या कडेला, कानापाशी, बोट दाखवत गेली. इतकी वर्षं हळदीकुंकवाला, गणपतीला, लग्नांना ती हा चेहरा पाहत आली होती, आणि आता तिच्या लक्षात आलं की तो तिने पाहिलाच नव्हता.

"चष्मा पण काढा. काचेत बल्ब दिसतात."

कुसुमावतीबाईंनी चष्मा काढून खुर्चीवर मांडीशेजारी ठेवला.

"आता मला तू पण धुंधली दिसतेस," त्या हसल्या. "पण बेटा, एक सांगते. जरा उजळ काढ हं. फोटोत माझा रंग कधी बरोबर येतच नाही. फोटोवाले सगळे गधे."

"आधी एक चाचणी घेऊ. हे कार्ड गालाशी धरा."

कुसुमावतीबाईंनी कार्ड धरलं, पण ते सारखं तिरकं होत होतं, त्यावर बल्बाची चमक येत होती. दोनदा सांगून झालं. शेवटी बकुळाने कॅमेऱ्याचा टायमर लावला, खुर्चीच्या मागून हात पुढे केला आणि कार्ड स्वतःच धरलं. कुसुमावतीबाईंनी आपले हात मांडीवर ठेवले. कॅमेरा टिकटिकला आणि त्याने फोटो घेतला.

कॅमेऱ्यापासून लॅपटॉपपर्यंत तार होती. चित्र आपोआप पडद्यावर उमटलं. आता खरा फोटो. बकुळा स्टुलावर चढली. पहिला चिमटा काढला, दुसरा काढला. बटर पेपरचा एक कोपरा खाली लोंबला आणि उघड्या बल्बची धार भिंतीवर पडली.

"दाखव तरी," खाली कुसुमावतीबाई म्हणाल्या आणि उठून, डोळे बारीक करून, लॅपटॉपपाशी गेल्या.

बकुळाने तिसऱ्या चिमट्याला हात घातला.

"अगं, हे काय! चेहरा किती काळा आलाय."

"चाचणी आहे ती, काकू."

"चाचणी असो नाहीतर काही. बघ, हात तर व्यवस्थित आलाय. उसी फोटो में है, त्याच लाइटमध्ये. हाताचा रंग कसा छान, साफ. माझा असाच रंग आहे, मी तुला सांगत होते ना." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "बस, चेहरा हाथ जैसा कर दे."

बकुळाचा हात चिमट्यावरच राहिला. रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली.

"तो हात माझा आहे, काकू," ती म्हणाली. "निमगोरा."

कुसुमावतीबाईंनी खुर्चीवरून चष्मा चाचपून घेतला, घातला, आणि पडद्यावर वाकल्या. कार्ड धरलेल्या बोटांपासून मनगटापर्यंत पाहिलं. मनगट रिकामं होतं. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात पाहिला, पाटल्या जराशा वर सरकवून, उलटा आणि सुलटा. तो तसाच थोडा वेळ उजेडात धरून ठेवला.

जिन्यातून अनुसूयाबाईंचा आवाज आला, "चहा आणू का गं, का झाल्यावर?"

कुसुमावतीबाई परत खुर्चीत येऊन बसल्या. पदर सारखा केला. पांढरा झालेला रुमाल त्यांनी घडी करून पंज्याखाली दाबला. बोलल्या तेव्हा आवाज इतका खाली होता की स्टुलावरून नीट ऐकू आला नाही.

"काय म्हणालात, काकू?"

"म्हटलं, होईल का तेवढा?"

"केवढा?"

कुसुमावतीबाईंनी मान वर केली नाही.

"हातासारखा."

बकुळाने बटर पेपरचा लोंबणारा कोपरा वर उचलला आणि दुसरा चिमटा लावला, मग पहिला. खाली उतरून एक थर्माकोल कुसुमावतीबाईंच्या डाव्या बाजूला सरकवला, सावली भरून निघावी म्हणून.

"चष्मा काढा," ती म्हणाली. "आणि मान वर."

त्या दिवशी तिने एकवीस फोटो काढले. त्यातला अकरावा चांगला होता. कुसुमावतीबाई त्यात सरळ समोर पाहत होत्या, पावडरशिवाय, आणि बऱ्या दिसत होत्या.

महिन्याभराने तसबीर लागली. सभागृहात बायका मान वर करून पाहत होत्या. "एकदम नॅचरल," कोणीतरी म्हणालं. "नीमने काढलाय," दुसरी म्हणाली. "ए, नीम नको म्हणू तिला," पहिल्या रांगेतून कुसुमावतीबाई बोलल्या, इतक्या तीक्ष्ण आवाजात की दोघी गप्प झाल्या.

"तू काय केलंस गं तिला?" घरी येताना अनुसूयाबाईंनी विचारलं.

"फोटो काढला."

"अजून काय?"

"रंग दुरुस्त केला. त्यांनी सांगितला तेवढाच."

अनुसूयाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या, म्हणून घरी आल्यावर बकुळाने लॅपटॉप उघडला आणि आकडे वाचून दाखवले. चाचणीच्या फोटोत कार्ड एकशे अठरा, मनगट एकशे चार, गाल एकशे एक. भिंतीवरच्या फोटोत गाल एकशे चार.