परदेशातून शिकून आलेल्या काकांचे फायदे

घरातला एक माणूस परदेशातून विद्युत अभियांत्रिकीची डॉक्टरेट घेऊन आला, की दिवे गेल्यावर सगळ्यांना पाहायला एक दिशा मिळते. काकांच्या मते त्या शिक्षणाचा निर्विवाद असा हा एकच फायदा होता. सगळे पाहत आणि काका पाहू देत. अंधारात ते इतरांइतकेच निरुपयोगी होते. फरक एवढाच, की त्यांना अंधाराचे गणित येत होते.

त्यांचा प्रबंध रिले या उपकरणावर होता. तारांत बिघाड झाला की वीज तत्क्षणी तोडायची आणि बिघाड नसेल तर काहीही झाले तरी तोडायची नाही, एवढा विवेक रिलेकडून अपेक्षित असतो. तो उगाच ट्रिप होऊ नये, म्हणजे विनाकारण वीज तोडू नये, म्हणून त्याला काय शिकवावे, यावर काकांनी उमेदीची वर्षे घालवली होती. तेच स्वतःला शिकवायचे मात्र राहून गेले होते. कुणी साधा प्रश्न विचारला तरी त्यांच्या आत काहीतरी खट्कन तुटे आणि उत्तराऐवजी टोमणा बाहेर पडे.

रविवारी सकाळी थोरल्या भावाने, दादाने, बोलावून घेतले तेव्हा प्रश्न साधाच होता. पुतणीला परदेशातल्या विद्यापीठात त्याच विषयासाठी जागा मिळाली होती आणि येते की नाही ते उद्यापर्यंत कळवायचे होते.

"जाऊन आलेला माणूस घरात असताना मी बाहेर कुणाला विचारू?" दादा म्हणाला. "तिकडे विजेचं शिकून फायदा काय होतो, ते सांग. तू म्हणशील तसं करू."

शहाण्या माणसाने हो किंवा नाही म्हटले असते. काकांनी घसा खाकरला. या विषयावर त्यांच्यापाशी एक तयार प्रयोग होता. ते शिकवत त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आणि लोकांच्या लग्नांत घासूनपुसून तो इतका लख्ख झाला होता, की त्यात काकांचे स्वतःचे काही उरले होते की नाही, हे सांगणे कठीण होते.

"फायदे पुष्कळ," ते म्हणाले. "तिकडे जाताना मला ट्रान्सफॉर्मर नीट म्हणता येत होतं. परत आलो तेव्हा ते असं म्हणायला लागलो, की विद्यार्थी वहीत वेगळाच शब्द लिहायचे. ज्ञानात भर पडली."

वहिनी हसल्या. काका रंगात आले.

"शिवाय मान. घरी इलेक्ट्रिशियन आला, त्याने भिंतीतली पेटी उघडली आणि मला म्हणाला, 'साहेब, तुमच्या घराला अर्थच नाही.' म्हटलं, एकट्या माणसाचं घर आहे बाबा, पण तू पहिल्याच भेटीत कसं ओळखलंस? तो अर्थिंगबद्दल बोलत होता. डॉक्टरेट माझी, पण निदान त्याचं अचूक."

"पुरे, भाऊजी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

दादाने मांडीवर थाप मारली. पुतणी तेवढी हसत नव्हती. लॅपटॉपच्या कडेला चिकटलेले स्टिकर ती नखाने खरवडत होती.

"मग झालं तर," दादा म्हणाला. "विषय मिटला."

"कसला विषय?"

"हिच्या जाण्याचा. ऐकलंस ना गं काका काय म्हणाला ते? इथल्याच कॉलेजात घे प्रवेश."

"अरे, मी गंमत करत होतो," काका म्हणाले. " तिकडचं शिक्षण उत्तम असतं."

"'उत्तम' कसं म्हणतोय बघ," दादा वहिनींना म्हणाला आणि दोघे पुन्हा हसू लागली.

यात त्यांचा दोष नव्हता. बंद पडलेल्या प्रयोगशाळेला उत्तम, प्राचार्यांच्या भाषणाला उद्बोधक आणि गाळलेल्या पगारवाढीला दूरदर्शी धोरण म्हणत आल्यामुळे काकांच्या शब्दकोशातला प्रत्येक चांगला शब्द नासला होता. आज एका मुलीच्या भवितव्यासाठी एक धड विशेषण हवे होते आणि ते त्यांच्यापाशी नव्हते.

"तिला अवश्य पाठव," त्यांनी जोर लावून पाहिले.

"भाऊजी, पोट दुखायला लागलं आता."

"काका," पुतणी मान वर न करता म्हणाली, "तिकडचा एखादा दिवस असा आहे का, जो तू आम्हाला कधी सांगितलाच नाहीस? त्यात हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून?"

काकांनी तिच्या नखाखालच्या स्टिकरकडे पाहिले.

"आहे," ते म्हणाले. "तिकडच्या सरांनी फळ्यावर एक समीकरण मांडलं होतं. मला ते चुकीचं वाटलं. आधी माझंच चुकत असेल म्हणून घरी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग भर वर्गात उभा राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं, फळ्याकडे पाहिलं, पुसलं, 'बरोबर आहे तुझं' म्हणाले आणि पुढे शिकवायला लागले. बस. ना राग, ना शाबासकी. चूक होती, पुसली."

"एवढंच?" दादाने विचारले.

"एवढंच. ते मला इतकं साधं वाटलं, की इथं आल्यावरही मी तेच केलं. विभागप्रमुखांना त्यांच्या आराखड्यातली चूक दाखवली. त्यांनी मला प्रयोगशाळेतून काढून वसतिगृहाच्या भोजन समितीवर नेमलं. अजून तिथंच आहे. पोळ्या कच्च्या असल्या की सही माझी लागते."

वहिनींच्या ओठांवर आलेले हसू तिथेच थांबले.

"हे कधी बोलला नाहीस," दादा म्हणाला.

"यात काय बोलायचं? कुणी हसलं नसतं."

दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. "तुला काय वाटतं, मी हिला का अडवतोय? ती परत येणार नाही म्हणून? नाही आली तरी फोनवर बोलेल. ती तुझ्यासारखी परत येईल, याची भीती वाटते मला. समोर बसलेली असेल, आणि एक वाक्य सरळ बोलणार नाही. वडील गेले तेव्हासुद्धा तू विनोद केलास. आम्ही हसलो. मग रात्रभर मला वाटत राहिलं, की माझा भाऊ तिकडून परत आलाच नाहीये."

काकांना लगेच उत्तर सुचले. एक नव्हे, चार सुचली. प्रत्येक आधीच्याहून धारदार, आणि चौथे तर स्टाफरूममध्ये वर्षभर पुरले असते. त्यांनी चारही गिळली. गिळताना घशाला लागली.

"तिला जाऊ दे, दादा," ते म्हणाले.

दादा सवयीने पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. वहिनीही थांबल्या होत्या. काका हात मांडीवर ठेवून बसले होते. पुढचे वाक्य आले नाही.

मग दादा मुलीकडे वळला.

"पासपोर्टची मुदत बघितलीस का?" त्याने विचारले.