ल्यूटची उडी

दिग्दर्शक स्ट्रिकलंडने कड्यावरून एक धोंडा खाली टाकला आणि कान देऊन ऐकलं. धोंडा पाण्यात पडला नाही, दगडावर आपटला.

"जरा लांब झेप घे," तो ड्यूईला म्हणाला. "मधे खोल आहे."

नायकाच्या बदली पडाय-धडपडायला आणलेला ड्यूई प्रुइट हसला. त्याचा घोडा मात्र काठाशी यायला तयार नव्हता; कितीही वळवला तरी मागेच सरत होता. केर्न नदी यंदा पार आटली होती, पण आठवड्यात उरकायच्या घोडेस्वारांच्या सिनेमात पाण्याची वाट कोण बघतो? ऊन उतरायच्या आत उडी हवी होती, आणि तीही एकदाच. दुसऱ्यांदा काही घ्यायची या दिग्दर्शकाची रीतच नव्हती.

कपडेपट सांभाळणारी मेडा क्रॉवेल ट्रकपाशी उभी राहून हे बघत होती. तिचा नवरा ल्यूट याच कड्यावरून घोड्यासकट उडी घेताना मेला, तेव्हा कॅमेरा चालू होता. त्या उडीची फिल्म पुढे इतर सिनेमांतही जोडली गेली. नायकाला ल्यूटसारखे कपडे चढवले की लांबून कोण ओळखतो! ते कपडे मेडालाच शिवावे लागत. शेवटी ती उडी पुन्हा वापरू नका म्हणून तिने स्ट्रिकलंडपुढे हात जोडले, आणि त्या बेरकी माणसाने एवढा एक शब्द पाळला. म्हणून तर आज नवी उडी घ्यायची होती.

मेडा ट्रकमध्ये चढली. तळाशी दडवलेला, ल्यूटच्यासारखा चौकड्यांचा सदरा घेऊन ती स्ट्रिकलंडसमोर आली.

"अजून नायकाचं काहीच चित्रण झालेलं नाही. त्याला आणि ड्यूईला असेच कपडे घालू. ल्यूटची उडी जुळेल."

"मेडाबाई, तुम्हीच नको म्हणाला होतात."

"आता मीच सांगतेय."

ड्यूईने काठापर्यंत नुसतं दौडत यायचं, असं ठरलं. उडीची जादा कमाई बुडाली म्हणून तो फणफणला.

"मावशी, माझ्या पोटावर का उठलीस?"

"गप उभा राहा," ती म्हणाली आणि त्याला सदरा चढवू लागली. तिला इतकं हलकं वाटत होतं की रडूच येईल असं झालं.

स्ट्रिकलंडही खुशीत होता. जाता जाता तो कॅमेरावाल्याला म्हणाला, "या वेळी पुढचाही भाग लावू. ल्यूट पाण्यात बराच वेळ हात हलवतो ना, तो."

मेडाचे हात बटणावर थांबले. ल्यूट पडताक्षणीच गेला, असं याच माणसाने घरी येऊन तिला सांगितलं होतं.