दादाची गोळी

न्यूमोनियातून आई वाचली, दवाखान्यातून घरी आली, आणि आडवी झाली ती झालीच. अंगावर दोन पांघरुणं, तरी पाय गार. चार घास खाल्ले की दमायची. मी शेजारच्या खोलीत लोकांचे पडदे शिवत बसायचे. मशीन थांबलं की तिचा श्वास ऐकायचे. खरं सांगायचं तर मीही पार मेटाकुटीला आले होते. ती उठावी असं वाटायचं, त्यातलं निम्मं माझ्यासाठीच.

दादाचं वेगळं होतं. ती जाईल अशी त्याला धास्ती बसली होती, आणि धास्ती बसली की तो स्वस्थ बसत नाही. एका मोठ्या लाँड्रीचा बॉयलर तो सांभाळतो. मागे त्याची थायरॉइडची ग्रंथी काढली, तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. त्या गोळीनं आपण माणसात आलो हे तो भाजीवाल्यालाही ऐकवतो. त्यामुळे आईच्या रिपोर्टात टी-थ्री हा थायरॉइडचा हार्मोन कमी दिसल्यावर त्याला घबाडच सापडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या आजारात असं होतं, थांबा. थांबणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही. आमच्याकडे एकाच्या खोकल्याचं औषध दुसऱ्याला चालतं, चष्मेसुद्धा फिरतात.

रोज कामावर जाताना तो आईला कोमट पाणी पाजायला येऊ लागला. मला बरंच वाटलं, तेवढंच एक काम कमी. आई काही उठेना. मग पुन्हा रक्त तपासायचा हट्ट त्यानंच धरला.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई घरी आल्या आणि बराच वेळ आईची नाडी धरून बसल्या. नाडी धावत होती. थायरॉइडचा दुसरा हार्मोन, टी-फोर, वाढला होता, टी-थ्री होता तिथंच. हा टी-फोर आला कुठून, असं त्यांनी विचारलं. मी दादाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"माझ्यातली देत होतो," तो म्हणाला. "आधी अर्धी. फरक पडेना म्हणून मग अख्खी."

त्या चांगल्याच झापतील असं मला वाटलं, पण त्याही दिवसभराच्या फेऱ्यांनी थकलेल्या होत्या. खुर्चीत टेकून त्यांनी शांतपणे समजावलं. गोळीतला टी-फोर म्हणजे नुसता साठा, त्यावर आयोडीनचे चार कण. तो कामाला लावायचा की नाही, हे लिव्हर, मेंदू, स्नायू आपापलं ठरवतात. तिथली एन्झाइमं त्यातला एक कण काढतात. बाहेरच्या बाजूचा काढला की कामाचा टी-थ्री होतो. आतल्या बाजूचा काढला की उलटा टी-थ्री, दिसायला जवळपास तसाच, पण कामाला शून्य. मोठ्या आजारात पहिलं काम मंदावतं आणि दुसरं जोर धरतं. दादा जे घालत होता त्यातलं बरंचसं आईचं शरीर निकामी करून टाकत होतं, आणि तरी जे उरत होतं ते तिच्या थकलेल्या हृदयाला दामटत होतं. गोळी आजच बंद करा, नाडी हळूहळू ठिकाणावर येईल, असं त्या म्हणाल्या.

"पण शरीर असं करतंच का?" दादानं विचारलं.

"एवढी धग त्याला सध्या झेपत नाही म्हणून. बॉयलरमध्ये पाणी कमी झालं तर तुम्ही काय करता?"

"जाळ बंद करतो."

खिशातली गोळ्यांची पट्टी काढून त्यानं टेबलावर ठेवली, मग ती आपलीच आहे हे आठवून पुन्हा खिशात घातली. मला हसू आलं आणि रडूही.

डॉक्टरीणबाई गेल्या. आई झोपली आहे असं आम्ही धरून चाललो होतो, पण डोळे मिटूनच ती बोलली.

"माझ्याकडे पाठ करून पाण्यात काहीतरी कालवायचास. दिसायचं मला."

"मग पीत कशाला होतीस?"

"मी ग्लास संपवला की तुझा उतरलेला चेहरा जरा खुलायचा. म्हटलं, पिऊ या." तिनं दम खाल्ला. "आता मला पडू दे रे जरा. तूही पड."

दादा पलंगाशी खाली बसला, डोकं गादीला टेकवून कामाच्या कपड्यांतच झोपी गेला. आईचा गार हात त्याच्या केसांत होता. सुईखाली अर्धा पडदा तसाच ठेवून मी मशीनवर कव्हर घातलं.