परातीतली कावीळ

परातीतलं पाणी पिवळंधमक झालं आणि अंगणातल्या शंभरेक माणसांनी हात जोडले.

"बघा, रक्तातलं जहर कसं बाहेर पडलं," भिमाजी भगत म्हणाला. "दवाखान्यात सुया टोचत्यात. इथं नुसते हात धुवायचे."

कळवणजवळच्या त्या मळ्यात दर रविवारी जीपा भरभरून माणसं कावीळ उतरवून घ्यायला यायची. त्या रांगेत तेजस्विनी आईवडिलांसोबत उभी होती. सटाण्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. तिची आई कुसाबाई उभ्या उभ्या दंड खाजवत होती. रक्त निघालं तरी हात थांबत नव्हता.

हिवाळ्यात कुसाबाईच्या पायाला गळू झालं होतं. गोळ्यांनी ते बसलं, पण काही आठवड्यांनी डोळे पिवळे झाले आणि अंगभर खाज सुटली. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी आधी औषधांचीच चौकशी केली. "या गोळीने लिव्हरला इजा झालीय. क्वचित कुणाला होतं असं. ही गोळी पुन्हा कधीच घ्यायची नाही आणि तपासणी चुकवायची नाही," असं त्यांनी बजावलं.

तेजस्विनीच्या वडिलांनी, रंगनाथआबांनी, मात्र बायकोला भगताकडे आणलं. परात पिवळी झाली. "कावीळ उतरली. आता काय बी खा, कोणतं बी औषध घ्या," भगताने सांगितलं. पुढे गळू उलटलं, तेव्हा आबांनी त्याच गोळ्या आणून दिल्या. तेजस्विनीला कळेपर्यंत आई अंथरुणाला खिळली होती.

लिव्हरचा तुकडा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यातल्या बऱ्याच नाहीशा झाल्यात, म्हणून पित्त आतच तुंबतंय. काहींचं लिव्हर सावकाश सावरतं, काहींचं नाही. मी खोटी आशा देणार नाही."

तरी आबांचा एकच धोशा होता, भगताकडे अजून एकदा जाऊ. तेजस्विनी हो म्हणाली, पण प्रयोगाचं सामान घेऊनच निघाली.

नंबर आला तेव्हा तिने आईऐवजी आबांना पुढे बसवलं. भगताने त्यांच्या हाताला तपकिरी रस चोळून वर परातीतलं पाणी ओतलं. पाणी पिवळं झालं.

"आबांचं रक्त परवाच तपासलंय," तेजस्विनी म्हणाली. "त्यांना कावीळ नाही."

"लपलेली असंल," भगत म्हणाला. "रिपोर्टात घावत नाय ती."

तेजस्विनीने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एकीतला तपकिरी रस तिने अंगणातल्या दगडावर ओतला, दुसरीतलं नितळ पाणी त्यावर सोडलं. दगडावरून पिवळा ओघळ वाहिला.

"या दगडाला कावीळ झाली का?" तिने विचारलं. "हा आंब्याच्या सालीचा रस, आणि ही चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की रंग पिवळा होतो. रक्ताचा संबंध नाही. भगत, तुम्ही आता साध्या पाण्याने कुणाचेही हात धुऊन दाखवा."

भगत परात उचलून घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

आबा खालीच बसून राहिले. "मीच दिल्या गं त्या गोळ्या," ते म्हणाले.

कुसाबाई रांगेकडे वळली. आवाज क्षीण होता, म्हणून लोक पुढे सरकले.

"माझ्याकडं बघा. परात पिवळी झाली तवा मी बी हात जोडले होते. बरी झाले समजून दवाखाना सोडला, अन् आतून सडत गेले. तुमचे डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर रक्त तपासा. कोणत्या गोळ्या घेतल्या ते डॉक्टरला सांगा. दोन्ही हात घासून धुतले तरी लिव्हर धुतलं जात नाय."

रांगेतला एक माणूस आपल्या बायकोला हाताला धरून जीपकडे निघाला. बाकीचे दार कधी उघडतंय याची वाट बघत तिथेच बसले.